बाबांचा पूर्वपक्ष

बदलापूरला आमच्या बेलवलीत ‘वाद’ म्हणजे भांडण. नळावर होतो तो वाद, शेताच्या बांधावरून होतो तो वाद, आणि मी उलट बोलले की आई म्हणायची, "वाद घालू नकोस." त्यामुळे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मॅडमनी वर्गात सांगितलं, की जुन्या न्यायशास्त्रात वाद म्हणजे दोघांनी मिळून खरं काय ते शोधणं, तेव्हा मी बाकावर ताठ बसले. नुसतं जिंकण्यासाठी बोलणं तो जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं पाडत सुटणं ती वितंडा. म्हणजे नळावर चालते ती वितंडा! शेजारणीला जाऊन हे सांगावं असं फार वाटलं, पण धीर झाला नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायचे आणि शंका तशाच घरी घेऊन यायचे. पण या विषयानं मला झपाटलं. मॅडम म्हणाल्या, बोलून पटवण्याचं शास्त्र मुळात कुणाचं, याबद्दल अभ्यासकांतच मतभेद आहेत. काहींच्या मते वक्तृत्वाचं शास्त्र ग्रीकांचं. तिथं साध्या नागरिकाला न्यायसभेत स्वतःची बाजू स्वतः मांडावी लागे, त्यातून ते उभं राहिलं. आपल्याकडे अलंकारांची चर्चा झाली, ती काव्यापुरती. मला रागच आला. मी निबंध लिहून काढला: आपल्याकडेही शास्त्र होतं, पाहा ही निग्रहस्थानं, म्हणजे वादात माणूस कुठं कुठं हरतो त्या जागा. विषय बदलला, हरला. तेच तेच बोलला, हरला. गप्प बसला, तरी हरला.

मॅडमनी निबंध परत दिला. समासात दोनच शब्द: ‘पूर्वपक्ष अशक्त’. पूर्वपक्ष म्हणजे खोडण्याआधी आपणच मांडायची समोरच्याची बाजू.

"ज्यांना तू खोडतेस," त्या म्हणाल्या, "त्यांनी हे वाचून म्हणायला हवं, हो, आम्हाला हेच म्हणायचं होतं. तू त्यांना मूर्ख करून ठेवलंयस. मूर्खाला हरवण्यात कसला मोठेपणा? नीट केलास तर पुण्याच्या परिसंवादात वाचायला नेईन. एक रात्र राहावं लागेल. घरी विचार."

त्याच आठवड्यात आईबरोबर उल्हासनगरच्या बाजारात ड्रेसचं कापड घ्यायला गेले. सिंधी दुकानदारानं तागा उलगडला आणि आम्ही काही बोलायच्या आत म्हणाला, "अभी भाभीजी बोलेंगी, रंग जाएगा. फिर बोलेंगी, बाजूवाला सस्ता देता है. बोलो बोलो, मैं बुरा नहीं मानता!" आईच्या मनातलं त्यानं तिच्याआधी मांडलं होतं. आई हसली आणि तिनं कापड घेतलं. मी तिथंच उभ्या उभ्या उडाले. हाच की पूर्वपक्ष!

निबंध पुन्हा लिहायला घेतला. या वेळी ग्रीकांच्या बाजूच्या अभ्यासकांचं म्हणणं त्यांच्या जागी बसून लिहिलं, आणि गंमत अशी, की ते मलाच पटायला लागलं. आपला वाद जाणकारांपुढे चालायचा. ऐकणाऱ्यांना नियम ठाऊक असायचे. ग्रीक वक्ता बोलायचा तो गर्दीशी, कुंभाराशी, खलाशाशी. हा फरक खरा होता. मग मला माझं उत्तर बदलावं लागलं: शास्त्र दोन्हीकडे होतं, ऐकणारा वेगळा होता. आपलंच मत असं हललेलं पाहून भीती वाटायला हवी होती. मला तर आनंदानं जेवण सुचेना.

राहिले बाबा. ते साताऱ्याकडून आलेले, अंबरनाथला कारखान्यात होते. "रात्री परगावी? नाही," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून आले, बशीत चहा ओतला, तेव्हा मी समोर जाऊन बसले.

"बाबा, तुमची बाजू मी मांडू?"

"माझी? मग मी काय करू?"

"ऐका तर. पोरगी परगावी राहणार, लोक बोलणार. परीक्षा तोंडावर आलीय. सोबतच्या बाई आपल्या ओळखीच्या नाहीत. आणि असल्या निबंधानं कुणाला नोकरी लागलेली आपण पाहिली नाही."

बाबांनी बशी खाली ठेवली. "बरोब्बर! अगदी माझ्या मनातलं बोललीस. मग झालं तर. नको जाऊ."

आई आतून हसायला लागली. "घ्या! पोरीनं तुम्हालाच जिंकून दिलं."

मी रडकुंडीला आले. पूर्वपक्ष इतका सशक्त झाला होता, की उत्तरच आठवेना. गप्प बसलीस की हरलीस, एवढंच डोक्यात फिरत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमचं काही राहिलं का यात?"

"एक राहिलं," बाबा म्हणाले. "गेटवर मीटिंग होती एकदा. मला म्हणाले, तू पण बोल दोन शब्द. उभा राहिलो. ‘मंडळी’ म्हणालो आणि पुढचं सगळं गेलं. मागून एक जण हसला, मग सगळेच. तिथं तुला कुणी हसलं तर मी नसणार."

मनात होतं ते बोलले. "हसतील, बाबा. मलाही तीच भीती आहे. पण मला वाचायचंय."

बाबांनी मांडी घातली. "मग आधी इथं वाच. मी हसतो. तू थांबायचं नाही."

मी उभी राहिले. ‘ग्रीक’ शब्द आला आणि बाबा हसले, खोटं, जोरात, नाटकातल्या राक्षसासारखं. मी वाचत राहिले. ‘वितंडा’ला पुन्हा हसले. "अहो, शेजारी काय म्हणतील!" म्हणता म्हणता आईला खरंच हसू फुटलं, मग मलाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, वाक्यं तुटत होती, तरी शेवटच्या ओळीपर्यंत पोचले. तोवर बाबा खोकत होते.

"तुझ्या बाई कुठं राहतात?" खोकला थांबल्यावर त्यांनी विचारलं. "भेटून येतो त्यांना."

पुण्यात सगळा निबंध वाचला. अध्यक्षांनी एक प्रश्न विचारला, त्याचं अर्धंच उत्तर आलं. हसलं मात्र कुणीच नाही. ‘वितंडा’ला मी क्षणभर वाट पाहिलीसुद्धा.

घरी आले तर बाबा दारातच.

"हसले?"

"कुणीच नाही."

"मायला," बाबा म्हणाले, "माझा घसा फुकट गेला."