फोटोतला गणपती पाहायला ग्रोनिंगनला

नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या ग्रोनिंगनमधले चित्रकार-शिल्पकार एका वीकेंडला आपापले स्टुडिओ सगळ्यांसाठी उघडे ठेवतात, हे कळलं आणि मी लगेच तिकीट काढलं. लाकूडकाम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. पटाशी धरण्यापासून पॉलिशपर्यंत सगळं स्वतःचं स्वतः. त्यामुळे दुसऱ्याचे हात कसे चालतात, हे बघायला मी कुठेही जातो. शिवाय तिथे आमच्या ओळखीतली अश्विनी होती, मूळची पेणची, मूर्ती घडवणारी.

मी राहतो त्या टिलबर्गहून झ्वोलेपर्यंत थेट गाडी, तिथे बदलून ग्रोनिंगन. साडेतीन तास धरा. वीकेंडच्या सवलतीचा पास असेल तर प्रवास स्वस्तात होतो. स्टेशनवर भाड्याची सायकल मिळते, पण वारा समोरूनच येणार असं धरून चाला. खायला इथला आयरबाल घ्या: उकडलेलं अंडं, भोवती दाट रस्सा, वर तळलेलं कुरकुरीत कवच. रस्सा मांसाचा असू शकतो, तेव्हा शाकाहारींनी आधी विचारावं.

अश्विनीचा स्टुडिओ म्हणजे जुन्या शाळेतला एक वर्ग. नवरा निखिल याच्या नोकरीमागे ती डिपेंडंट म्हणून आली. "पहिली दोन वर्षं मी खेमेन्तेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, पत्रं ट्रान्सलेट करण्यात घालवली," ती म्हणाली. पेणला वडिलांचा मूर्तींचा कारखाना. तिथे हिच्याकडे फक्त पॉलिशपेपर. डोळ्यांची आखणी पुरुषांकडे.

"बाबा म्हणायचे, पोरीचा हात हलतो. इथे हलला तर हलला, बघायला होतं कोण?"

मी टेबलावरच्या गणपतीचे डोळे जवळून पाहिले. हात हललेला नव्हता.

तेवढ्यात निखिल कुजबुजला, "दादा, क्युरेटर येतेय. फोटो बघून तिने अश्विनीची मूर्ती उन्हाळ्यातल्या प्रदर्शनासाठी निवडलीय. आज प्रत्यक्ष बघून फायनल करणार. तुम्ही प्लीज फार बोलू नका."

क्युरेटरचं नाव हानेके. कुठल्या संस्थेत नाही, स्वतंत्रपणे प्रदर्शनं लावते. तिने फोनवरचा फोटो मूर्तीशेजारी धरला.

"ही ती नाही."

"तिचं विसर्जन झालं," अश्विनी म्हणाली. "घरीच, बादलीत. फोटो गेल्या वर्षीचा आहे. ही यंदाची."

"म्हणजे मी निवडलेलं काम आता अस्तित्वातच नाही?"

"ऑलमोस्ट सेम आहे," निखिलने सावरलं.

आता मात्र मला राहवेना. "सेम नाही. फोटोत सोंडेचं वळण छातीपाशी आहे, इथे सोंड पोटावर टेकलीय. डावा गुडघाही जास्त बाहेर आलाय."

निखिलने माझ्याकडे असं पाहिलं, की मला परतीची गाडी आठवली.

अश्विनी मात्र हसली. "दादांचं बरोबर आहे. मी तीच मूर्ती पुन्हा करत नाही. दर वर्षी विसर्जनानंतर माती गाळते, वाळवते, नवी घडवते. पेणहून आणलेली माती अजून हिच्यात आहे. कमी पडते तेवढी इथली घालते."

हानेके स्टुलावर बसली. आधीच्या मूर्तींचे फोटो मागितले आणि लॅपटॉपवर एकेक सावकाश पाहिले.

"मी एकच फोटो निवडला, ही माझी चूक. मला हे सगळे हवेत, आणि मधोमध ही मूर्ती. ऑक्टोबरपर्यंत."

निखिलचा चेहरा उजळला. अश्विनी म्हणाली, "ऑक्टोबर नाही जमणार. चतुर्थीला घरच्या पूजेला हीच बसणार आहे."

"अगं, घरी दुसरी कर ना!"

"माती एकच आहे, निखिल." मग हानेकेकडे वळून, "जमत नसेल तर राहू दे."

हानेके विचार करून कळवते म्हणाली आणि गेली. अश्विनीने तिच्यामागे दार लावलं आणि ती बराच वेळ ओलं फडकं पिळत उभी राहिली. पहिलंच प्रदर्शन होतं तिचं. सोपं नव्हतं ते.

परतीच्या गाडीत मी स्वतःला विचारलं: माझ्यावर ही वेळ आली असती तर? मी ऑक्टोबरला हो म्हणालो असतो, आणि घरी दुसरी मूर्ती बसवली असती. माझं काम टिकावं, लोकांनी पाहावं, याच्यापलीकडे मी कधी गेलोच नाही. ग्रोनिंगनहून मी हा विचार घेऊन आलो. अजून तो नीट पचलेला नाही.

बुधवारी अश्विनीचा फोन आला.

"दादा, झालं! चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी जाऊन गणपती घेऊन येणार. पुढे प्रदर्शन संपेपर्यंत त्याची जागा तशीच रिकामी ठेवणार आहेत. हानेके विचारत होती, तिथल्या पाटीवर काय लिहायचं?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, लिहा, घरी गेलेत."