काळवंडलेली कांडी

आमच्या बाई सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. सव्वीस वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेतलं काचसामान मी धुते. मला सगळे मावशी म्हणतात आणि माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही.

दोन रेणू जोडायची बाईंची रीत भलतीच गाजली. बाकीच्यांना त्यात पॅलेडियम नावाचा महागडा धातू घालावा लागे, बाईंचं त्यावाचून जमे. शोधनिबंध छापून आला, सत्कार झाले आणि बाईंची मान जी ताठ झाली ती झालीच.

मग पीएचडीला एक पोरगी आली. तोच प्रयोग दोन वर्षं केला, पण रेणू काही जुळेनात. बाई चारचौघांत तिला धांदरट म्हणायच्या. शेवटी तिनं सोडून जायचा अर्ज लिहिला आणि माझ्यापाशी येऊन ढसाढसा रडली. माझं डोकंच फिरलं. तडक बाईंच्या खोलीत गेले आणि सुनावलं, की तिची भांडी मी धुते, तुमचीही मीच धुते, पोरगी वेंधळी नाही. एकदा तिच्या सामानानं स्वतः करून बघा.

बाई हसल्या, पण बाह्या सरसावून पोरीच्या टेबलाशी आल्या.

चंबूत द्रावण ढवळायला चुंबकाची बोटाच्या पेराएवढी पांढरी कांडी फिरत असते. पोरीची कोरी होती. बाईंची नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची, काळी पडलेली, माझ्याखेरीज कुणी तिला हात लावायचा नाही. कोऱ्या कांडीनं सकाळी लावलेला प्रयोग दुपारपर्यंत ढिम्म. बाईंनी आपली कांडी टाकली मात्र, दोन तासांत रेणू जुळले.

बाईंनी कांडी चिमट्यानं बाहेर काढली आणि उजेडात धरली. जुन्या प्रयोगांतला तोच महागडा धातू कांडीत मुरला होता. तो काळा डाग मी इतकी वर्षं घासत होते आणि कधी विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो. कांडी फेकून देऊ का, असं मी हळूच म्हटलं. आम्हा तिघींपलीकडे कुणाला काय कळणार होतं?

"खबरदार," बाई म्हणाल्या.

सोमवारी सगळा विभाग जमला. निबंध मागे घेतल्याचं बाईंनी एका वाक्यात सांगितलं. मग पोरीकडे बोट केलं.

"दोन वर्षं हिचा प्रयोग बरोबर येत होता. उत्तर 'नाही' होतं. मी ते ऐकत नव्हते."

पोरीच्या पिशवीत अर्ज तसाच होता. बाईंनी तिला पुढे बोलावलं, खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर वही उघडून बसल्या.