बाबा सध्या काय ऐकून राह्यले

आमच्या घरात सुराचा कान फक्त मला आहे, आणि ही गोष्ट घरातल्यांना मीच वेळोवेळी सांगत आले आहे. भद्रावतीला आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळात मी पेटी वाजवते. ('बरी वाजवते' असं मंडळाचं मत आहे. पेटी माझी स्वतःची आहे, त्यामुळे हे मत बदलण्याची शक्यता कमी.)

आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या गुलाबांचा आणि सूर्योदयांचा मला कंटाळा आला, तेव्हा मीच एक नवी प्रथा पाडली. दर रविवारी प्रत्येकाने आपण सध्या काय ऐकतोय ते सगळ्यांना ऐकवायचं. नागपूरचा माझा धाकटा भाऊ राजू जुन्या गझला पाठवू लागला. त्याची बायको वैशाली देवीची गाणी पाठवायची. त्यांचा मुलगा जे पाठवायचा त्यात एक तरुण फार चिडलेला असायचा, कशावर ते शेवटपर्यंत कळायचं नाही. मी अर्थातच राग पाठवायची, वेळेनुसार, आणि वर इतरांच्या गाण्यांवर अभिप्रायही द्यायची. तो कोणी मागितलेला नसायचा.

ग्रुपमध्ये गप्प राहायचे ते फक्त माझे बाबा. आई गेल्यापासून ते चामोर्शीजवळच्या आमच्या गावात एकटेच राहतात आणि धानाची शेती करतात. त्यांना मी मोठा फोन घेऊन दिला होता आणि आवाज कसा रेकॉर्ड करून पाठवायचा तेही शिकवलं होतं. जुना बटणांचा फोन त्यांनी टाकला मात्र नाही. त्यातलं सिमकार्ड काढून घेतलं होतं तरी गाणी ऐकायला म्हणून तो बंडीच्या खिशात असायचाच. मी दर रविवारी विचारायची, "बाबा, तुम्ही काय ऐकून राह्यले सध्या?" आणि ते हात जोडलेलं चित्र पाठवायचे.

ऑक्टोबर संपत आला होता, धान कापणीला आलं होतं, आणि एका रविवारी सकाळी बाबांचा आवाज ग्रुपवर आला. मी हातातली कणीक तशीच ठेवली.

"बेबी, तू इचारतं ना मी काय आयकतो म्हनून. तं मी शेतात बसून हे आयकून राह्यलो. आयक."

मग थोडी खरखर. मग एक खोल, लांबलचक, जमिनीतून आल्यासारखी गुरगुर. मग शांतता. मग पुन्हा गुरगुर, पहिल्यापेक्षा मोठी, शेवटी फुत्कार. आणि लगेच बाबांचा आवाज, "अरे, अरे, अरे!" आणि मेसेज संपला.

आमच्या भागात हा आवाज कशाचा ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गावच्या शिवारात पंधरा दिवसांपूर्वीच वाघाने गोऱ्हा नेला होता. मी बाबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तेवढ्यात राजूचा फोन आला. तो म्हणाला, "ताई, ते आयकलं का तू?" आणि आम्ही दोघं बहीणभाऊ फोनवरच रडू लागलो.

माझा नवरा प्रमोद तेव्हा दाढी करत होता. मी त्याला मेसेज ऐकवला. त्याने अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो ऐकला, पुन्हा एकदा लावायला सांगितलं, माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग गाडीची किल्ली घेतली. धक्का बसला की पुरुष बोलत नाहीत, असं मी समजले.

निघतानाच मी गावच्या पोलीस पाटलांना फोन केला. बाबा सकाळीच शेताकडे गेल्याचं त्यांनी पाहिलं होतं. मी त्यांना तो आवाज पाठवला. त्यांनी तो जंगल खात्याच्या बीटगार्डला पाठवला. बीटगार्डने कानाला लावून ऐकला आणि निदान केलं, की मोठा नर आहे, अगदी जवळ बसलेला आहे आणि दमलेला आहे. 'दमलेला' या शब्दाने माझा उरलासुरला धीर सुटला. कशाने दमला असेल!

चंद्रपूर मागे पडलं, मूलचं जंगल लागलं. रस्ताभर मी तो आवाज पुन्हा पुन्हा लावत होते. मला सुराचा कान असल्यामुळे प्रत्येक वेळी त्यात नवीन काहीतरी सापडायचं. इथे त्याने दात विचकले असावेत. इथे जबडा मिटला. हा फुत्कार म्हणजे झेप घेण्याआधीचा. मी हे सगळं प्रमोदला समजावून सांगत होते आणि तो स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होता. मध्ये एकदा तो म्हणाला, "मी काय म्हणतो, एखादे वेळी तो वाघ नसेलही." मी रडत रडत विचारलं, "मग काय असेल?" त्यावर त्याने गाडीचा वेग वाढवला.

वैनगंगेच्या पुलावर असताना पोलीस पाटलांचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाले, "ताई, धीर ठेवा. बोडीच्या काठावर तुमच्या बाबांची चप्पल सापडली." बोडी म्हणजे आमच्या शेताच्या कडेचं छोटं तळं. मी विचारलं, एक की दोन? ते म्हणाले, "एकच." आणि काठच्या चिखलात काहीतरी ओढल्याच्या खुणा होत्या.

मी फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं. लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ती चित्रं पाहून मला बाबांची आठवण आली आणि मी आणखी रडले. तिकडे राजू नागपूरहून निघाला होता.

आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गाव आमच्या शेताच्या बांधावर जमलं होतं. हातात काठ्या, कुऱ्हाडी, तेलाचे रिकामे डबे. बीटगार्ड हात पसरून सगळ्यांना मागे सारत होता, कुणालाही धानात उतरू देत नव्हता. उभ्या धानात वाघ बसला तर चार हातांवरूनही दिसत नाही, असं तो सांगत होता. दर थोड्या वेळाने सगळे मिळून डबे बडवत, मग थांबून कान देत. धान हललं की सगळे एकदम मागे. आणि धान तर वाऱ्याने सारखंच हलत होतं. बायांनी मला धरून बसवलं. कोणी पाणी दिलं. कोणी बाबांचे गुण सांगायला सुरुवात केली, भूतकाळात.

मी पदर डोळ्यांना लावला. डोळे पुसून वर पाहिलं तर गर्दीच्या मागच्या बाजूला, टाचा उंचावून, हातात कुणाचीतरी काठी घेऊन माझे बाबा उभे होते.

नंतर कळलं ते असं. बाबा चामोर्शीहून काळीपिवळी जीपने परत आले, फाट्यावर उतरले आणि शेताकडे एवढी माणसं का पळताहेत म्हणून तेही पळत आले. गर्दीतल्या एका पाहुण्या माणसाला त्यांनी विचारलं, "काय झालं जी?" तो म्हणाला, वाघानं म्हातारा नेला. बाबांनी विचारलं, "कोनाचा?" ते काही त्या पाहुण्याला माहीत नव्हतं. तेव्हा बाबांनी हळहळून त्याच्याजवळची जास्तीची काठी मागून घेतली आणि तेही स्वतःला वाचवायला येऊन उभे राहिले.

मी "बाबा" म्हणून जी किंकाळी फोडली, तिने अर्धे लोक वाघ आला समजून बांधावरून खाली उतरले. मी धावत जाऊन बाबांना मिठी मारली. त्यांचे हात चाचपले, पाय पाहिले. पायात नवीन कोऱ्या चपला होत्या. मी रडत होते, हसत होते. बाबा लाजून इकडेतिकडे बघत होते. आमच्याकडे बाप-लेकी अशा चारचौघांत मिठ्या मारत नाहीत. "अवो बाई, झालं काय पन?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. तिथल्या तिथे बांधावर आडवं व्हावं, असं वाटत होतं.

बाबांनी मग हकिगत सांगितली. बोडीच्या काठावर बसून ते मला मेसेज पाठवत होते. एका हातात मोठा फोन, दुसऱ्या हातात जुना. तेवढ्यात मोठा फोन हातातून सटकू लागला. अंगठा सुटल्यामुळे मेसेज आमच्याकडे आला आणि फोन बोडीत गेला. "अरे, अरे, अरे" होतं ते त्यासाठी. फोन काढायला ते चिखलात उतरले, घसरले, एक चप्पल आत रुतली ती निघालीच नाही. मग दुसरी तिथेच सोडून ते तसेच अनवाणी फोन दुरुस्तीला द्यायला चामोर्शीला गेले.

सगळं जुळलं. बीटगार्डचं मात्र समाधान झालं नव्हतं. त्याने विचारलं, "ते सगळं ठीक आहे भाऊ, पण वाघाचा आवाज कुठून आला?"

"कोनता वाघ?" बाबा म्हणाले.

बीटगार्डने त्यांना मेसेज ऐकवला. बाबांनी शांतपणे बंडीच्या खिशातून बटणांचा फोन काढला, एक बटण दाबलं आणि फोन वर धरला. आमच्या शिवारात तीच गुरगुर घुमली. जवळची दोन माणसं सवयीने मागे सरकली.

"हे तं आमची बेबी होय," बाबा म्हणाले. "गनपतीत आली होती ना, तवा दुपारी ओसरीत झोपली होती. मी भरून ठेवलं."

अर्धं गाव आधी फोनकडे पाहत होतं, मग माझ्याकडे पाहू लागलं. बीटगार्डने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि नजर खाली वळवली. प्रमोद आभाळाकडे बघत होता. आभाळात काहीही नव्हतं.

मी घोरते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी बाबांवर चिडणार होते. "काऊन भरून ठेवलं तुम्ही असलं?" असं विचारलंही. बाबा काठीने जमीन उकरत राहिले. मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तू गेली का घर चुप होते ना बेबी. हे लावलं का वाटते, पोरगी हाये घरी. मंग मले झोप लागते."

यावर काय चिडणार? मी त्यांच्या नवीन चपलांकडे बघत राहिले आणि पुन्हा एकदा रडले, पण आता ते रडणं बरं वाटत होतं. तेवढ्यात राजू पोचला. त्याने बाबांना पाहिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि पहिलं काम काय केलं, तर ग्रुपवर लिहिलं की वाघ सापडला, ताई होती.

रात्रीचं जेवण बाबांकडेच झालं. दुसऱ्या दिवशी परतताना गाडीत मी प्रमोदला विचारलं, "तुम्ही तर ओळखलं असेल ना?"

त्याने आधी पुढचा ट्रक ओलांडला. मग म्हणाला, "पहिल्यांदा ऐकला तेव्हाच ओळखीचा वाटला. पण खात्री नव्हती."

"मग बोलले काऊन नाई?"

"समज, बोललो असतो," तो म्हणाला, "आणि तो खरंच वाघ निघाला असता, तर तू मला सोडलं असतं का? आणि तू निघाली असती, तर?"

मी विचार केला. दोन्ही बाजूंनी त्याचं म्हणणं बरोबर होतं.

आता मी दर पंधरा दिवसांनी बाबांकडे राहायला जाते. गावात मला मान आहे. त्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याने, देवाजीभाऊने, बाबांकडून तो आवाज मागून घेतला आणि शेतात भोंग्यावर लावला. त्यानंतर कित्येक दिवस रानडुकरं त्याच्या धानाकडे फिरकली नाहीत. मग इतरांनीही नेला. ऐन हंगामात आमच्या शिवारात मी चार ठिकाणी एकाच वेळी झोपलेली होते.

परवा देवाजीभाऊचा फोन आला. डुकरं आता त्या आवाजाला सरावली आहेत, तेव्हा काही नवीन मिळेल का, असं तो अदबीने विचारत होता. "ताई, या शनवारी या. पोटभर जेवा अन् निवांत झोपा. भोंगा मी लावतो." मी होकार दिला आहे. इतकी वर्षं पेटी वाजवून जे जमलं नाही ते झालं आहे, माझा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला आहे. श्रोते उठून पळाले तर तो रंगला असं समजायचं.