पहिलवानाच्या पाठीवरचं खोगीर

"मॅडम, आधी आमचा पेशंट घ्या. म्हैस थांबती, ह्यो थांबायचा न्हाय."

बालाजी झाकणाची बादली छातीशी धरून उभा होता. पुढं खोड्यात म्हैस, मागं दोन शेळ्या. कळंबच्या सरकारी दवाखान्यात मी जनावरांची डॉक्टर आहे. बादलीतून पेशंट यायची ही पहिलीच वेळ.

आत फ्लॉवरहॉर्न होता. काचेच्या टाकीत पाळतात तो मासा. अंगानं दणकट, कपाळावर भलंमोठं टेंगूळ. नाव पहिलवान. पण हा पहिलवान तळाशी पडून होता. पाठीवरच्या परापासून दोन्ही बाजूंनी पांढरा चट्टा उतरला होता, घोड्यावर खोगीर घालावं तसा. शेपटीच्या कडा झिजल्या होत्या.

"दुकानदार म्हणला, बुरशी लागली. हीटर वाढवा. वाढवला. बुरशीचं औषध टाकलं. तरी रोज पसरायलंय."

आमचे साहेब बाहेर आले. "हे आपल्याकडं येतं का?"

"मासा प्राण्यातच धरतात, सर."

"ते खरंय. पण म्हैस आधी."

म्हैस होईपर्यंत बालाजी पेल्यानं बादलीतलंच पाणी उंचावरून परत ओतत बसला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मीच सांगितलं होतं. ओतता ओतता तो बोलत होता. बसस्टँडजवळ त्याचं सलून. वडिलांनी, आप्पांनी, तिथं जन्मभर दाढ्या केल्या. लकवा झाला आणि उजव्या हातात वस्तरा धरवेना. तेव्हापासून आप्पा टाकीशेजारच्या खुर्चीत बसतात. काचेवर डाव्या हाताचं बोट फिरवलं की पहिलवान बोटामागं फिरतो.

"हा पडून राह्यलाय तवापासनं आप्पा नीट जेवंनात. गिऱ्हाईक आलं तरी बोलत न्हाईत."

मग मला म्हैस जरा लवकरच उरकावी लागली.

दातदुखीला कापसावर घेतो ते लवंगेचं तेल पाण्यात अगदी थोडं घोळून टाकलं. त्यानं मासा गुंगीत जातो. ओल्या हातानं धरून चट्ट्याच्या कडेचा सायीसारखा थर काचपट्टीवर घेतला आणि त्याला लगेच स्वच्छ पाण्यात सोडलं. कल्ले हलायला लागले तेव्हा बालाजीनं श्वास सोडला.

सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी असती तर जाड, फाटे फुटलेले दोरे दिसले असते. इथं लांब, बारीक काड्या होत्या. त्या सरपटत एकत्र यायच्या आणि ढीग रचायच्या. साहेबांनीही डोळा लावला.

"कडब्याच्या गंजी घातल्यात की यांनी."

पुस्तकातली खूण हीच. हा जिवाणूंचा रोग, कॉलम्नॅरिस. कापसासारखा दिसतो म्हणून लोक बुरशी समजतात. आणि या जिवाणूंना ऊब मानवते. हीटर वाढवून बालाजीनं त्यांचीच सोय केली होती.

उपचार ठरला. वेगळ्या टबात अँटिबायोटिक, मापानं. थोडं खडेमीठ. हवेचा पंप सतत. टाकीतलं पाणी बदलायचं, नळाचं पाणी क्लोरीन उडून जावा म्हणून आदल्या दिवशीच भरून ठेवायचं. आणि टबात लावलेला हीटर कमी. थंडीचे दिवस होते, अगदी बंद करून चालणार नव्हतं. थर्मामीटरवर मी पेनानं खूण करून दिली. "या रेघेच्या वर जायचं नाही."

दोन-तीन दिवसांनी सलूनमध्ये गेले. चट्टा तसाच. टबात हात घातला तर पाणी चांगलंच कोमट.

"हीटर कुणी वाढवला?"

"आईशप्पथ मॅडम, म्या हात न्हाय लावला."

मी खूण पाहून हीटर पुन्हा कमी केला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत न सांगता गेले. बालाजी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. आप्पा शाल पांघरून टबाशेजारी बसले होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, डावा हात हळूच खाली नेला आणि हीटरचं बटण फिरवलं.

"आप्पा, काय करताय?"

ते दचकले नाहीत. "हिव पडलंय. मला शाल हाय. त्याला काय हाय?"

बालाजी ब्रश टाकून पुढं आला. मी त्याला हातानं थांबवलं. आप्पांपुढं स्टूल ओढून बसले.

"आप्पा, दाढी करताना कातडं कापलं तर गरम पाणी लावायचा का तुम्ही?"

"न्हाय. तुरटी. गार पाणी."

"याच्या पाठीचं कातडं गेलंय. ऊब मिळाली की रोग वाढतो. मला रोज इथं येता येत नाही. ही रेघ तुम्ही सांभाळा. पारा वर गेला तर बटण कमी करायचं, फार खाली गेला तर बालाजीला हाक मारायची."

आप्पांनी थर्मामीटरकडं पाहिलं. मग बालाजीकडं. "आता तू बटणाला हात लावायचा न्हाय."

त्यानंतर सलूनमध्ये कडक शिस्त आली. गिऱ्हाईक टबावर वाकलं तरी आप्पा हटकायचे. एकाला तर म्हणाले, "आधी दाढी करून घे, मग बघायला ये." चट्टा पसरायचा थांबला. कडा आत सरकल्या. पहिलवानानं पहिला दाणा थुंकून टाकला, दुसरा गिळला. त्याच दिवशी बालाजीचा फोन आला, आप्पांनी दोन भाकरी मागून घेतल्या म्हणून.

महिनाभरानं पहिलवान टाकीत परतला. नवं कातडं मूळ रंगापेक्षा काळपट आलं, पण अंग भरलं.

तेव्हापासून पेशंट मासा असो की म्हैस, पथ्य सांगण्याआधी मी एक प्रश्न विचारते: घरात याच्यावर सगळ्यात जास्त जीव कुणाचा आहे? पथ्य मग त्यालाच सांगते. कारण मोडणारही तोच असतो.