आकाशगंगेच्या मध्यावर बोलत होते आणि दार वाजत होतं

मैत्रिणींनो, आजच लिहून टाकते, उद्या धीर होणार नाही.

मी हुपरीची सून. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि घरातच चांदीच्या पैंजणांचं काम करते. आज अकरा वाजता पुण्यातल्या पीएच.डी.साठी ऑनलाइन मुलाखत होती. खाली ठोकाठोकी चालू, म्हणून माडीवरच्या खोलीत कडी लावून बसले.

स्क्रीनवर आकाशगंगेच्या मध्याचा फोटो होता, धुळीपलीकडचं टिपणाऱ्या इन्फ्रारेड दुर्बिणीचा. तारे इतके दाटलेले की बोट ठेवायला जागा नाही. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "एकमेकांत मिसळलेले तारे वेगळे कसे कराल?"

"आधी ठळक ताऱ्याचा प्रकाश मोजून वजा करायचा, मग..."

तेवढ्यात दारावर थाप. सासूबाई ओरडल्या, "पावणं आल्यात! च्या कोण ठेवणार? दार उघड की!"

उठले तर मुलाखत गेली, नाही उठले तर घरात महाभारत. "आत्ती, धा मिनटं!" एवढं ओरडले आणि मॅडमना म्हणाले, "मग त्याच्याआडचा अंधूक तारा दिसायला लागतो."

दार वाजतच राहिलं. मी बोलतच राहिले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "या पुण्याला. जागा तुमचीच."

खाली आले तर सासूबाईंनीच चहा केला होता. माझ्याशी कुणी बोलेना. नवऱ्याला बाजूला घेऊन जागा मिळाल्याचं सांगितलं, तर तो हळूच म्हणाला, "जाऊ नको म्हणत न्हाय मी. पण आईला तूच सांग."

दुपारपासून तीनदा त्यांच्यापाशी जाऊन बसले. तोंडच उघडेना.

लग्नानंतर शिकायला घराबाहेर पडलेल्या कुणी आहात का इथे? सासूबाईंसमोर पहिलं वाक्य काय बोललात?