भराव आणि चौथं प्रकरण

पीएच.डी.ला मी सेमीग्रुप घेतले तेव्हापासून बाबांचा एकच प्रश्न असायचा, "पुरा ग्रुप सोडून अर्धा कशाला घेतलास गो?" ग्रुपमध्ये केलेली प्रत्येक क्रिया उलटवता येते, सेमीग्रुपमध्ये तशी हमी नसते, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. ग्रुपचं एक जुनं प्रमेय मोजकेच घटक असलेल्या सेमीग्रुपलाही लागू पडतं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. त्यात चार वर्षं गेली.

प्रबंध द्यायची मुदत महिनाअखेर संपत होती. ती चुकली की नोंदणी रद्द, आणि भिवंडीच्या कॉलेजात कायम होण्याची आशाही संपली. प्रती बाइंडिंगला गेल्या होत्या. रविवारी गावी, अंजूरला, ओट्यावर बसून मी घरातली प्रत उगाच चाळत होते. समोर काकांच्या शेतात गोडाऊनसाठी डंपर भराव ओतत होते. आमच्या शेतात तो आधीच पडला होता.

बाबा वैतागून म्हणाले, "त्याचा भात व्हता, आपली पडीक व्हती. भराव पडल्यावर दोन्ही सारखीच. आता वलकू येतंय का, कुटं काय व्हतं?"

चौथं प्रकरण उघडलं. दोन घटकांवर एकच क्रिया केली, उत्तर सारखं आलं, म्हणून मूळ घटकही सारखेच, असं मी बिनधास्त लिहून मोकळी झाले होते! हे ग्रुपमध्ये चालतं. तिथे भराव उपसता येतो. बाबांना इतकी वर्षं जे ओरडून सांगितलं तेच माझ्या हाताला कळलं नव्हतं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

गाइडना फोन करून चूक सांगितली. ते म्हणाले, "सही झालीय ना? कोण वाचतंय एवढं? फार तर एक अट टाका. दोन्हीकडची सारखी क्रिया खोडता येते, असेच सेमीग्रुप घ्या."

अट टाकून पुन्हा मांडून पाहिलं. मोजकेच घटक आणि वर ही अट, म्हणजे सेमीग्रुप निमूटपणे ग्रुपच होऊन बसतो. चार वर्षं राबून मी जुनंच प्रमेय सिद्ध केलं होतं.

सोमवारी प्रती परत आणायला गेले, तर बाइंडिंगवाला माझ्यावरच चिडला. "मॅडम, अभी तो गोंद भी नहीं सूखा!"

घरी बाबा दारातच होते. "काय झालं तुज्या अर्ध्या ग्रुपचं?"

"पुरा झाला, बाबा," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.