पडद्यावरची फटफटी, लामत्याची वाट

मडगार्डच्या आत चिखल कसा साचतो, माहीत आहे? रोज थोडा लागतो, वाळतो, त्यावर दुसरा लागतो. मग एखाद्या दिवशी सहज टकटक केलं की भलीमोठी ढेप खाली! आमचे किस्से तसेच आहेत. साठीच्या दशकात बालाघाट गावात आम्ही चौघे फटफटीवाले होतो. रविवारी दुपारी मॅटिनी बघायची आणि बाहेर चहा पीत पडद्यावरच्या मोटरसायकलवाल्याचं पोस्टमॉर्टेम करायचं, हा आमचा धर्म. भाऊराव मिस्त्री, मूळचे कटंगीचे, आमच्या गाड्यांचे डॉक्टर. दामले ओव्हरसियर. हिवताप खात्यातले वाघाडे. आणि मी, नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन.

बाकीचे तिघे आता नाहीत. म्हणून जरा टकटक करतोय.

* * *

एका सिनेमात हीरो पांढरे बूट घालून आला, गाडीवर बसला, किक मारली आणि निघाला. अंधारात भाऊराव उभे राहिले.

"अबे, पेट्रोलचा कॉक त उघडलाच नाई! गाडी चालून कशी राह्यली?"

टॉकीजभर हशा! मॅनेजर टॉर्च घेऊन धावत आले. "मिस्त्रीजी, बैठ जाइए." भाऊराव बसले, पण मुद्दा सोडला नाही. "बसतो जी. पण तो धा कदमावर बंद पडन, मी सांगून ठेवतो."

पुढच्या आठवड्यात पौराणिक सिनेमा लागला. मारुतीराया समुद्रकिनारी उभे, हात जोडलेले, उड्डाणाची तयारी. सगळीकडे चिडीचूप. आणि पुढच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं,

"देवा, पयले कॉक उघडा!"

* * *

दामल्यांचा आक्षेप वेगळा होता. "हीरो गाडी चालवताना एवढं तोंड उघडून गातो, त्याच्या तोंडात एकही किडा कसा जात नाही?"

"तुम्ही गाऊन पाहा ना," वाघाडे म्हणाले.

दामले पडले सरळ माणूस. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते वहिनींना मागे बसवून लालबर्ऱ्याच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना धानाची शेतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण वहिनींसमोर त्यांनी कधी गुणगुणलंसुद्धा नव्हतं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला भला मोठा भुंगेरा थेट घशात!

आवाज बसला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. दामल्यांनी गाडी बाजूला घेतली. वहिनींनी ते डोळे पाहिले आणि त्यांचेही भरून आले. "अहो, एवढं मनापासून गात होतात माझ्यासाठी?"

दामल्यांनी आम्हाला हे सांगितलं आणि म्हणाले, "काय सांगणार होतो मी? गिळला!"

त्यानंतर दर रविवारी वहिनींकडून आमच्या चौघांसाठी डबा यायचा. त्या भुंगेऱ्याचे आमच्यावर फार उपकार आहेत.

* * *

सिनेमानं माझं लग्न जवळजवळ मोडलं होतं. मुलगी तुमसरची, मला पसंत, तिलाही मी पसंत. पण तिचे वडील अडून बसले. "सिनेमात फटफटीवर कोण असतो? एक तर व्हिलन, नाही तर इंटरव्हलच्या आधी दरीत पडणारा. दोघांनाही मी पोरगी देणार नाही."

मी आठवडाभर जेवलो नाही. शेवटी भाऊराव स्वतः तुमसरला माझ्याबरोबर आले. बैठकीत मांडी घालून बसले आणि म्हणाले,

"काकाजी, हा गडी व्हिलन होऊच शकत नाई. व्हिलनची गाडी एका किकमंदी चालू होते. याची ढकलाच लागते! आन् दरीत पडाले निदान पयले दरीपावतर त पोचाव लागते ना?"

सासरे गंभीर राहण्याची शिकस्त करत होते. पण निघताना माझी गाडी खरंच चालू होईना. ते पायरी उतरून आले, धोतर खोचलं आणि म्हणाले,

"बसा जावईबापू, मी ढकलतो."

* * *

वाघाडे कधी कुणाला नावं ठेवत नसत. पण हीरो मोटरसायकलवरून उडून पडतो आणि टायची गाठसुद्धा न हलता उठतो, हे पाहिलं की त्यांची उजवी मांडी दुखायची. कारण तेही पडले होते. आडवी म्हैस आली, गाडी एकीकडे, वाघाडे दुसरीकडे, पाय मोडलेला.

गावकऱ्यांनी लगेच दोन बैलगाड्या जुंपल्या. एकीत वाघाडे, दुसरीत खात्याची मोटरसायकल. वाट खाचखळग्यांची. वाघाड्यांच्या पाठीखाली नुसत्या फळ्या. कण्हत कण्हत त्यांनी मान वळवून पाहिलं, तर मोटरसायकल हातभर पेंढ्यावर निवांत पहुडलेली, वर घोंगडं!

"बाबा, तिला पेंढा आणि मला काहून नाही?"

गाडीवान म्हातारा म्हणाला, "ते सरकारची हाय सायेब. तुमी त आपलेच हा!"

त्याच म्हाताऱ्यानं पुढे तीन दिवस दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून काढले. वाघाडे हा किस्सा हसत सुरू करायचे आणि इथे आले की चष्मा पुसायचे.

* * *

आणि तो श्रावणातला रविवार. सिनेमा रंगात आला होता. शेवटचं रीळ सुरू व्हायचं होतं, हीरो गाडीवर बसला होता, नदीला पूर होता. तेवढ्यात पडद्यावर काचेची स्लाईड आली, घाईघाईनं शाईनं लिहिलेली: भाऊराव मिस्त्री, फटफटी घेऊन सरकारी दवाखान्यात या.

रविवारी दुपारी आम्ही कुठे असतो, हे गावाला ठाऊक होतं. चौघेही उठलो.

दवाखान्याच्या पायरीवर माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, दीर बसले होते. लामता गावाच्या पलीकडून सायकल मारत आलेले. सुमन सकाळपासून बाळंतपणात अडली होती. दवाखान्याची जीप दुसऱ्या गावाला गेलेली. नर्स डोंगरेबाई पेटी घेऊन तयार उभ्या होत्या. पन्नाशीच्या बाई, मोटरसायकलवर जन्मात बसलेल्या नव्हत्या. लुगडं आवरून भाऊरावांच्या मागे बसल्या आणि एवढंच बोलल्या,

"माझी चिंता करू नका. पेटी आपटू देऊ नका."

माझी गाडी ढकलायची, म्हणून मी दामल्यांच्या मागे, दीर वाघाड्यांच्या मागे. लामत्यापुढचा नाला फुगला होता. भाऊरावांनी पाण्याकडे पाहिलं, गाडी बंद केली आणि पलीकडच्या शेतांतल्या लोकांना हाका मारल्या. आठ जण छातीभर पाण्यात उतरले. दोन बांबूंवर भाऊरावांची फटफटी बांधली, डोक्यांवरून पलीकडे नेली. मग डोंगरेबाईंना बाजेवर बसवून. पेटी बाईंच्या मांडीवर. आमच्या दोन गाड्या अलीकडेच राहिल्या, आम्ही मागोमाग पाण्यातून पार झालो.

प्लग भिजला होता. बाईंनी न विचारता पेटीतला कापूस काढून दिला. भाऊरावांनी प्लग पुसून परत बसवला. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. बाईंना घेऊन ते पुढे गेले, आम्ही चिखलातून पळत.

दिवेलागणीला आम्ही अंगणात उभे होतो. आतून बाळाचा आवाज आला. मग डोंगरेबाई बाहेर आल्या. "मुलगी आहे. आईही बरी आहे."

भाऊराव गाडीजवळ जाऊन तोंड फिरवून उभे राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी टॉकीजच्या मॅनेजरांचा निरोप आला. बाईंनाही घेऊन या, म्हणाले. रिकाम्या टॉकीजमध्ये आम्ही पाच जण बसलो आणि त्यांनी फक्त आमच्यासाठी राहिलेलं शेवटचं रीळ लावलं.

हीरोनं पांढऱ्या शर्टात पूर आलेली नदी एका उडीत पार केली. शर्टाला एक शिंतोडा नाही. पोचला, जीव वाचला, सिनेमा संपला. दिवे लागले.

ऑपरेटरनं वरच्या खिडकीतून डोकं काढलं. "क्या मिस्त्रीजी, इसमें क्या गलत था?"

भाऊराव पडद्याकडेच बघत होते.

"काई नाई," ते म्हणाले. "पोचला ना तो."